वाचलेला रुपया जातो कुठे?

काटकसर हा शब्द आपल्यापैकी कुणालाच नवा नाही. दोडक्याच्या शिरांची चटणी, शिळ्या पोळीचा कुस्करा, थोरल्याचे कपडे धाकट्याला, जुन्या साड्यांची गोधडी, हे सारं आपण आईच्या हाताखालीच शिकलो. तरीही गंमत अशी, की कितीतरी काटकसरी घरांत कर्ज मात्र वर्षानुवर्षं जागचं हलत नाही. टीव्हीचा हप्ता संपतो न संपतो तोच फ्रिजचा सुरू होतो. पतसंस्थेचं कर्ज फिटत आलं, की त्याचंच नूतनीकरण होतं. आणि या दिवाळीला सुटणार असलेल्या गहाण पाटल्या पुढच्या दिवाळीवर जातात. मग घरची बाई स्वतःलाच बोल लावते, 'मीच कुठेतरी कमी पडते', आणि रोजच्या दुधातलं अर्धा लिटर कमी करते.

खरं पाहता दोष बहुतेक वेळा तिच्या काटकसरीत नसतोच. भाजीवालीशी घासाघीस करून आपण दहा रुपये वाचवतो. ते दहा रुपये पर्समध्येच राहतात आणि संध्याकाळी मुलांच्या वेफर्सवर जातात. गॅस जपून वापरून सिलिंडर आठ दिवस जास्त चालवतो. पण ते वाचलेले पैसे वेगळे काढून ठेवले, असं कधी होतं का? वाचलेला रुपया घरातच घुटमळत राहिला, की तो खर्च होतोच. तो सावकाराच्या किंवा बँकेच्या हाती पडेल तेव्हाच कर्जातून एक रुपया उणा होतो. म्हणून मैत्रिणींनो, आज दोन गोष्टी बरोबरीनं पाहू. पैसा वाचवायचा कुठे, आणि वाचला की तो लगेच कर्जापर्यंत पोचवायचा कसा. यातली पहिली आपल्याला येते. दुसरी थोडी शिकावी लागते.

आधी कर्जाची वही

दोनशे पानी साधी वही घ्या आणि पाच रकाने आखा. कर्ज कुणाचं, बाकी किती, व्याज वर्षाला किती टक्के, दरमहा हप्ता किती आणि शेवटचा हप्ता कधी. यात बँक आणि पतसंस्था तर येतीलच; पण क्रेडिट कार्ड, सोनेतारण, वाण्याची उधारी, साडीवाल्याचे हप्ते, मोबाईलवरून घेतलेलं झटपट कर्ज आणि भावाकडून घेतलेले हातउसने पैसेही येऊ द्या. भिशी आधीच उचलली असेल तर तीही लिहा. बारा जणींच्या भिशीत पहिला नंबर लागला म्हणजे बक्षीस लागलं असं नव्हे, पुढचे अकरा महिने ते देणं आहे.

व्याजाच्या रकान्यात नीट लक्ष घाला. गावात 'शेकडा तीन रुपये' म्हणतात, ते ऐकायला किरकोळ वाटतं. पण ते दरमहाचं असतं, म्हणजे वर्षाला ३६ टक्के. हप्त्यावरच्या कर्जाचा खरा दर कळत नसेल तर बँकेत जाऊन विचारा. १ ऑक्टोबर २०२४ पासून नव्यानं दिलेल्या किरकोळ कर्जांबरोबर सगळे खर्च धरून वार्षिक दर सांगणारं एक माहितीपत्रक देणं रिझर्व्ह बँकेनं बँकांना आणि वित्तसंस्थांना बंधनकारक केलं आहे. ते मागून घ्या आणि वहीत डकवा.

वहीच्या शेवटच्या पानावर आणखी दोन नोंदी हव्यात. आपण कुणाला जामीन राहिलो असू तर ती एक. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. मेव्हण्याचे हप्ते थकले तर बँक आपल्या दारी येऊ शकते. दुसरी नोंद आपल्या दागिन्यांची. घराच्या अडचणीला आपण बांगड्या काढून देतो, त्यात वावगं काही नाही. पण ते देणंही वहीत लिहिलं पाहिजे. स्त्रीधनावर पूर्ण मालकी पत्नीची, हे सर्वोच्च न्यायालयानं १९८५ साली स्पष्ट केलं. २०२४ साली पुन्हा सांगितलं, की अडचणीच्या वेळी नवऱ्यानं ते वापरलं तरी परत करण्याची नैतिक जबाबदारी त्याची आहे. हे भांडणासाठी लिहायचं नाही. लिहिलेलं देणं लक्षात राहतं आणि न लिहिलेलं विसरलं जातं, एवढ्यासाठीच.

ही वही एकटीनं भरू नका. पुष्कळ घरांत नवऱ्याच्या कार्डाची बाकी बायकोला माहीत नसते आणि बायकोनं साडीवाल्याकडे लावलेला हप्ता नवऱ्याला. रविवारी जेवणं आटोपली, मुलं खेळायला गेली, की दोघांनी बसावं. 'तुम्ही कशाला घेतलं?' हा प्रश्न त्या दिवशी तोंडातून काढायचा नाही. 'किती राहिलं आणि कधी फेडायचं?' एवढंच विचारायचं. सासूबाई घरात असतील तर त्यांनाही सांगावं. सणाचा खर्च आवरताना त्यांचाच आधार मिळतो.

कोणतं कर्ज आधी फेडायचं?

वही भरली, की सर्वांत जास्त व्याजाच्या कर्जावर लाल पेन्सिलीनं खूण करा. बाकी सगळ्यांचे ठरलेले हप्ते वेळेवर जाऊ द्यायचे आणि वाचलेला प्रत्येक जादा रुपया या एकाच कर्जात घालायचा. दहा ठिकाणी शंभर-शंभर भरून समाधान मिळतं, कर्ज मात्र कुठलंच संपत नाही.

उदाहरणादाखल एक घर धरू. क्रेडिट कार्डाची बाकी ४०,००० रुपये, व्याज दरमहा साडेतीन टक्के आणि त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी. म्हणजे पहिल्याच महिन्याला १,६५२ रुपये नुसतं व्याज आणि कर. या घरानं दरमहा २,००० रुपये भरले, तर मुद्दलातून जेमतेम साडेतीनशे कमी होतात. कार्डावर एक पैशाची नवी खरेदी केली नाही, तरी कर्ज फिटायला ४३ महिन्यांहून अधिक लागतात आणि एकूण सुमारे ८६,००० रुपये जातात. त्याच घरानं दरमहा ५,००० भरले तर? दहाव्या महिन्यात कार्ड मोकळं आणि एकूण खर्च पन्नास हजारांच्या आत. महिन्याचे तीन हजार जास्त भरल्यामुळे छत्तीस हजारांहून जास्त वाचतात. विश्वास बसत नसेल, तर मुलाचं आठवीचं गणिताचं पुस्तक उघडा. चक्रवाढव्याजाचा धडा त्यात आहेच.

पुढचं गणित याहून गोड आहे. याच घराच्या पाटल्या बँकेत ६०,००० रुपयांना तारण आहेत, व्याज दरमहा एक टक्का. आजवर ते लोक नुसतं ६०० रुपये व्याज भरून कर्ज पुढे ढकलत होते. कार्ड संपलं, की त्याचे ५,००० आणि हे ६०० असे ५,६०० रुपये पाटल्यांकडे वळवायचे. बाराव्या हप्त्याला पाटल्या सुटतात. म्हणजे दोन वर्षांच्या आतच, बाविसाव्या महिन्यात, कार्डही गेलं आणि सोनंही घरी आलं. पगार एका रुपयानं वाढलेला नसताना! कार्ड फिटलं म्हणून ते पाच हजार घरखर्चात मिसळू दिले असते, तर हे झालं नसतं.

बँकेत ठेव पडून असेल आणि तिच्यावर सहा-सात टक्के मिळत असतील, तर ती तशीच ठेवून कार्डावर चाळीस टक्क्यांवर व्याज भरणं हा तोट्याचा व्यवहार आहे. एक महिन्याचा घरखर्च हाताशी ठेवा आणि उरलेली ठेव मोडून ते कर्ज मिटवा. बिनव्याजी भिशीचा नंबर लागला तर ते पैसेही तिकडेच. लिलावाच्या भिशीत मात्र घाईनं बोली लावू नका, तिथे सोडून दिलेली रक्कम हेच व्याज असतं.

गृहकर्ज सगळ्यात शेवटी घ्यायचं, कारण त्याचा दर सहसा कमी असतो. पण त्यालाही विसरू नका. दहा लाखांचं कर्ज, साडेआठ टक्के, वीस वर्षं, तर हप्ता ८,६७८ रुपये. वर्षाकाठी असा एकच हप्ता जादा भरला, तर हे कर्ज तीन वर्षांहून अधिक आधी फिटतं. बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जावर मुदतीआधी भरल्याचा दंड बँकांना व्यक्तींकडून २०१२ पासून घेता येत नाही. जादा भरताना बँकेला लेखी सांगा, 'हप्ता तोच ठेवा, मुदत कमी करा.'

पैसा वाचतो तो इथे

वर धरलेल्या घरानं दरमहाचे तीन हजार आणले कुठून? एका जागी तीन हजार सापडत नाहीत, ते सहा ठिकाणी असतात. बाहेरचं आणि घरपोच मागवलेलं खाणं ८००, वाणसामान ५००, गॅस आणि वीज ३००, रिचार्ज आणि फोनवरच्या सिनेमांची वर्गणी ३००, पेट्रोल आणि रिक्षा ४००, कपडे, आहेर आणि मनात आलं म्हणून केलेली खरेदी ७००. झाले तीन हजार.

वाणसामानाची यादी महिन्यातून एकदाच करा आणि ती डबे उघडून करा. आठवणीनं केलेल्या यादीत हिंग तिसऱ्यांदा येतो आणि मीठ राहून जातं. वर्षाचे गहू-तांदूळ उन्हाळ्यात भरणं स्वस्त पडतं. पण ते साठवलेल्या पैशांतून, कार्डावर उधार घेऊन नव्हे. गहू आणि डाळींना कडक ऊन देऊन एरंडेलाचा हात लावा आणि कडुलिंबाचा वाळलेला पाला घाला, म्हणजे टोके होत नाहीत.

कडधान्यं रात्रीच भिजत घाला. डाळ, भात आणि बटाटे एकाच कुकरमध्ये लावा आणि पहिली शिट्टी आली की आच बारीक करा. सिलिंडर लावल्याची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. तो किती दिवस चालला हे कळलं, की पुढच्या वेळी आपोआप चढाओढ लागते. दोन हजार वॅटचा गीझर अर्धा तास चालला की एक युनिट जातं, महिन्याचे तीस. आंघोळी एकापाठोपाठ एक उरकल्या तर हे निम्म्यावर येतं. महावितरणच्या घरगुती दरात शंभर युनिटांच्या पुढे दर चढतो, त्यामुळे काठावरची वीस-तीस युनिटंच महाग पडतात.

आता सगळ्यात मोठी गळती, म्हणजे हातातला फोन. दुकानात जाऊन नोटा मोजून देताना मन कचरतं. बोटानं नुसतं दाबताना कचरत नाही. म्हणून वस्तू आवडली की आधी वहीत लिहा आणि आठ दिवसांनी पुन्हा वाचा. निम्म्या वस्तूंची गरज तोवर संपलेली असते. 'बिनव्याजी हप्ते' या शब्दांनाही भुलू नका. शून्य टक्के व्याज असं काही नसतंच, हे रिझर्व्ह बँकेनं २०१३ साली बँकांना बजावलं होतं. ते व्याज किंमतीत, सुटलेल्या सवलतीत किंवा प्रक्रिया शुल्कात कुठेतरी दडलेलं असतं.

यात काटकसर नको

मुलांचं दूध, फळं, शाळेची फी, म्हाताऱ्या माणसांची औषधं आणि आरोग्य विम्याचा हप्ता यांना हात लावायचा नाही. विमा बंद करून वाचवलेले पैसे एका दवाखान्यातच संपतात आणि वर नवं कर्ज होतं. धुणंभांडी करणाऱ्या बाईंचा पगार कापून किंवा थकवून आपलं कर्ज फेडणं, हेही आपल्याला शोभत नाही. तिच्या घरीसुद्धा वही आहेच की!

आणि एक गोष्ट जरा ठासून सांगते. आपल्या घरांत पहिली काटकसर गृहिणीच्या ताटात होते. सगळ्यांचं झाल्यावर उरेल ते खायचं, भाजी संपली तर लोणच्यावर भागवायचं, स्वतःच्या गोळ्या पुढच्या महिन्यावर ढकलायच्या. २०१९ ते २१ मध्ये झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ५७ टक्के बायकांना रक्तक्षय आढळला. म्हणजे दर दोघींत निदान एक! अशा अंगानं आपण कर्ज फेडायला निघालो आहोत का? नाचणी, पालेभाजी, शेंगदाणे, गूळ, डाळ आणि जमेल तेव्हा अंडं आपल्या ताटात असलंच पाहिजे. हे खर्चात धरा, उरलं तर असं म्हणू नका.

वाचलेल्या पैशाला पत्ता द्या

एक डबा करा आणि त्यावर त्या लाल खुणेच्या कर्जाचं नाव लिहा. रिक्षाऐवजी चालत आलात? ते तीस रुपये घरात शिरताच डब्यात. बाहेर जेवायचा बेत रद्द झाला? तेवढे पैसे डब्यात. रद्दी, जुने डबे-बाटल्या, दिवाळीची ओवाळणी, शिकवणीची फी, शिवणाचे पैसे, जे जे घरखर्चाबाहेरचं येईल ते तिथेच. फोनवरून पैसे देत असाल तर डब्याच्या जागी एक वेगळं बचत खातं चालेल. त्याचं कार्ड मात्र पर्समध्ये बाळगू नका.

शनिवारी डबा मोजायचा आणि सोमवारी ती रक्कम कर्जात भरायची. महिनाअखेरची वाट पाहू नका, कारण महिनाअखेर काहीतरी निघतंच. भरलेली रक्कम वहीत लिहून बाकी नव्यानं मांडा. हे काम मुलांकडून करून घ्या. बाकीचा आकडा दर आठवड्याला खाली येताना दिसला, की सायकलचा हट्ट धरणारा मुलगाही 'आई, अजून किती राहिले?' असं विचारू लागतो.

एखाद्या महिन्यात हप्ता भरणं खरोखरच अशक्य झालं, तर तोंड लपवू नका. तारखेच्या आधी बँकेत जा, अडचण सांगा आणि पोच घ्या. वसुलीवाल्यांनी सकाळी आठच्या आत किंवा संध्याकाळी सातनंतर फोन करू नये, शिवीगाळ वा धमकी देऊ नये, असा रिझर्व्ह बँकेचा २०२२ चा आदेश आहे. खाजगी सावकाराकडे मात्र या पायी वळू नका. महाराष्ट्रात २०१४ च्या कायद्यानुसार परवान्याशिवाय सावकारी करणं गुन्हा आहे. अशा कुणाच्या पाशात घर अडकलं असेल, तर सहकारी संस्थांच्या जिल्हा उपनिबंधकांकडे तक्रार करता येते.

सणवार आणि चारचौघी

ऋण काढून सण करू नये हे आपल्याला पाठ असतं; पण जावेच्या मुलाची मुंज आली, की ते आठवत नाही. कर्ज आहे तोवर आहेराची रक्कम वर्षाच्या सुरुवातीलाच ठरवून टाका आणि सगळ्यांना सारखी ठेवा. हळदीकुंकवाला प्लॅस्टिकचं वाण लुटण्यापेक्षा घरचे तिळाचे लाडू किंवा तुळशीचं रोप दिलं, तर कुणी नावं ठेवत नाही. वाढदिवसाला हॉल घ्यायचा की घरी श्रीखंड-पुरी करायची, हे मुलांना विचारून ठरवा. मुलं आपल्याला वाटतात त्यापेक्षा समजूतदार असतात. आणि कुणी खोचकपणे विचारलंच, तर हसून सांगावं, 'यंदा आम्ही कर्ज फेडतोय.' यात लाजण्यासारखं काय आहे?

नवं कर्ज कधीच काढू नये, असं मी म्हणत नाही. १९५९ साली गिरगावात सात जणींनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली, त्यातून लिज्जतचा पसारा उभा राहिला. ज्या कर्जातून चार पैसे घरात येतील, ते शिलाई मशिनचं कर्ज वेगळं, आणि एका रात्रीत संपणाऱ्या समारंभाचं वेगळं. कागदावर सही करण्यापूर्वी एवढं एकच स्वतःला विचारा, 'हे मला कमावून देणार, की माझ्या कमाईतून जाणार?'

शेवटचा हप्ता भरल्यावर

शेवटचा हप्ता भरून नुसती पावती घेऊन घरी येऊ नका. बेबाकी दाखला मागा. कर्ज पुरतं फिटल्यावर तारण ठेवलेली घराची मूळ कागदपत्रं ३० दिवसांत परत करणं बँकांवर बंधनकारक आहे. १ डिसेंबर २०२३ पासून, बँकेच्या चुकीनं उशीर झाल्यास दर दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यावी लागते. स्कूटरचं कर्ज असेल तर आरसी बुकावरचा बोजा उतरवून घ्या. सोनं परत घेताना पावतीवरच्या वजनाशी ताडून पाहा आणि मगच सही करा.

त्यानंतर एक महिना फार मोहाचा असतो. हप्ता संपला, हात मोकळा झाला आणि जाहिराती तर रोजच्याच! पण दोन वर्षं त्या रकमेवाचून घर चाललंच होतं ना? मग ते तसंच चालू द्या. पुढच्या पहिल्या तारखेला तेवढाच हप्ता पोस्टातल्या किंवा बँकेतल्या आवर्ती ठेवीत स्वतःच्या नावानं भरा. पुढच्या वेळी घरात अडचण आली, तर पाटल्या काढायची वेळ येणार नाही.